सरकारांच्या जावळाचं अंगडं

मापाच्या बाबतीत आपला हात कुणी धरू शकणार नाही, असं संयोगिताने मलकापुरातल्या निम्म्या बायकांना स्वतः सांगितलं होतं. उरलेल्या निम्म्यांना ते भिंतीपलीकडून ऐकू गेलं होतं! "आमच्याकडे अंदाजपंचे काही नसतं हो," गळ्यातला टेप सारखा करत ती म्हणायची. "इंच म्हणजे इंच. कपडा बाळाच्या अंगावर कसा चापूनचोपून बसला पाहिजे!"

हा आत्मविश्वास काही एका दिवसात आलेला नव्हता. त्यापायी बरंच कापड कामी आलं होतं.

सुरुवात झाली ती कराडच्या एका दुकानात. लेकीला, म्हणजे राजनंदिनीला, वाढदिवसाचा फ्रॉक घ्यायला ती गेली, किमतीची चिठ्ठी उलटून पाहिली आणि "एवढ्याशा चिंधीला एवढे? हा तर मी डोळे मिटून शिवीन!" असं दुकानदाराच्या तोंडावर बोलून बाहेर पडली. घरी येऊन तिने खरंच फ्रॉक शिवला. आणि तो बघून कुणालाही पटलं असतं, की बाईने शब्द पाळला होता!

त्या फ्रॉकला गळा होता. पण गळ्यातून आधी डोकं जावं लागतं आणि डोकं गळ्यापेक्षा मोठं असतं, हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. राजनंदिनी अर्धी आत आणि अर्धी बाहेर अशी घरभर बोंबलत फिरली. शेवटी सासूबाईंनी, म्हणजे राहीबाईंनी, कात्री घेऊन नातीची सुटका केली. दुसऱ्या फ्रॉकला दोन्ही बाह्या उजव्याच लागल्या. तिसऱ्या खेपेला पायजमा केला, तर त्याचे दोन पाय एकमेकांना शिवले गेले. पोरगी त्यात टुणूक टुणूक उड्या मारत अंगणात गेली आणि तिला ते फार आवडलं, म्हणून तो प्रयोग यशस्वी धरण्यात आला.

पण बाई हटली नाही हं! राहीबाईंच्या जुन्या पायमशिनीवर इतकी वर्षं टीव्ही ठेवलेला होता, तो खाली उतरला. भाजी एका गॅसवर, मोबाइलवर शिवणाचा व्हिडिओ, असं चालू झालं. भाजी करपली, पण झालर जमली. बालवाडीच्या गॅदरिंगला राजनंदिनीने खणाचा परकर-पोलका घातला आणि चार आयांनी "कुठून घेतला?" म्हणून विचारलं. झालं! आठवडाभरात "अंगडं-टोपडं" नावाचं पेज निघालं, कपड्यात लावायच्या नावाच्या पट्ट्या छापून आल्या आणि घरातल्या प्रत्येक खुर्चीवर टाचण्या पसरल्या. नवरा वीरधवल फौजेत हवालदार. त्याने सीमेवरून फोनवर पाठिंबा जाहीर केला, "कर की! फक्त माझ्या वर्दीला कातर लावू नको."

राहीबाईंचा मात्र एका बाबतीत सुनेशी कायमचा वाद होता. कापताना शिलाईच्या आत जे जादा कापड ठेवतात, ज्याला शिंपी माया म्हणतात, ते संयोगिताला मुळीच खपत नसे.

"आगं, लेकराचं कापड हाय," राहीबाई म्हणायच्या. "दोन बोटं माया जादा सोड. पोरं काय मापात ऱ्हात्यात व्हय?"

"आत्या, आतून जाड होतं. फिनिशिंग जातं."

"फिनिशिंग पोराला घालायचं हाय, का पोरगं फिनिशिंगमधी घालायचं हाय?"

सासूला द्यायला उत्तर सुचलं नाही की संयोगिता मशीन जोरात चालवायची. त्या दिवसांत मशीन बराच वेळ जोरात चालायचं.

अशात एके दिवशी शिराळ्याहून सूरज नावाचा एक तरणा गडी आपल्या आईला घेऊन दारात आला. आईचं नाव तायाक्का. म्हातारीच्या काखेत पांढऱ्या धडप्यात गुंडाळलेलं गाठोडं होतं आणि ते ती कुणाच्या हातात देत नव्हती.

सूरजची बहीण अंकिता फलटणकडे एका खेड्यात दिलेली. तिच्या मुलाचं जावळ होतं, रानातल्या म्हसोबापुढे. जावळ म्हणजे भाचा मामाच्या मांडीवर बसणार, पहिले केस उतरणार, आंघोळ होणार आणि मग मामाने आणलेला पोशाख अंगावर चढणार. त्या दिवशी मामाची सगळी इभ्रत त्या पोशाखात असते. बोकड थोडा कमी शिजला तरी लोक एक वेळ गप्प बसतील, पण पोशाखाचा विषय पुढची दोन लग्नं पुरतो!

तायाक्काने गाठोडं सोडलं. आत हिरवा शालू होता, जरीच्या काठाचा, तिच्या लग्नातला. तिने तो मांडीवर घेऊन दोनदा हाताने सारखा केला.

"ह्यांनी घेतल्याला," ती म्हणाली. "त्यास्नी जाऊन ह्ये दुसरं साल. नातवाचं तोंड बी बघायला मिळालं न्हाई. म्हणलं, लेकराच्या अंगावर आज्याचं काय तरी असू दे. ह्याचंच अंगडं शीव, बाय."

मग ती जरा थांबली आणि म्हणाली, "कातर लावशील तवा मला सांगू नगंस. बघवायचं न्हाई मला."

 संयोगिताने म्हातारीचा हात हातात घेतला आणि नको तेवढं मोठं बोलून बसली, "आक्का, काही काळजी करू नका. असं शिवीन, की सगळी जत्रा बघत राहील!"

शालू जुना होता. घडीघडीवर विरलेला. धड उरलेला भाग म्हणजे पदर आणि त्याच्या अलीकडचं हातभर कापड. पण संयोगिताने तेवढ्यात बाळाचा बंदांचा अंगरखा बसवला, टोपडं बसवलं आणि वर सूरजसाठी बिनबाह्यांचं जाकीटही बसवलं. मामा-भाचे एकाच कापडात! फोटो काय येईल! मापाला उभं राहताना सूरजने छाती अशी फुगवली, की डोळे लाल झाले तरी श्वास सोडेना.

"दादा, नीट उभे राहा. श्वास घ्या," संयोगिता म्हणाली.

"घेटलाय की!" सूरज दाबलेल्या आवाजात म्हणाला. "सोडू कवा, सांगा."

इंच म्हणजे इंच! तिने होतं तेवढं माप घेतलं.

राहिलं बाळाचं माप. बाळ फलटणकडे. माप फोनवरूनच मागवायचं होतं. आधी संयोगिताने फोटो मागितला. फोटो आला, पण जावळाआधी पोराचा फोटो कुणाला दाखवायचा नाही, नजर लागते, म्हणून अंकिताने बाळाच्या तोंडावर लाल बदामाचं चित्र चिकटवलं होतं. मग हातांवर नजर लागू नये म्हणून हातांवर. पोटावर नको म्हणून पोटावरही. एकंदरीत पाळण्यात एक मोठा लाल बदाम झोपला होता.

मग संयोगिताने अंकिताच्या सासूला, म्हणजे बाळाच्या दुसऱ्या आजीला, हौसाबाईंना, फोन लावला.

"आजी, बाळ कसं आहे अंगाने? दांडगं आहे का?"

"कशाचं दांडगं वं!" पलीकडून हौसाबाई कळवळल्या. "नुसती काडी झालीया. काय बी खाईत न्हाई, काय अंगाला लागत न्हाई. सरकार म्हणतो आमी त्येला, पर सरकारात काय राम न्हाई बगा."

संयोगिताला वाईट वाटलं. तिने नाचणीचं सत्त्व द्यायचा सल्लाही देऊन टाकला. मग अंकिताने मापं घेतली, हौसाबाईंना विचारून सूरजला सांगितली आणि सूरजने ती संयोगिताला कळवली. मापं ऐकून राहीबाईंनी निवडायला घेतलेली मेथी बाजूला ठेवली.

"वर्षाचं व्हाया आलंय आन् एवढंच? ह्ये काय खरं न्हाई. आगं, आजी हाय ती. आजी कवा नातवाला दांडगा म्हणती व्हय? वाढवून धर जरा."

"आत्या, या जुन्या समजुती झाल्या. टेप काही आजीला घाबरत नाही!"

आणि तिने सांगितलेल्या मापावर कातर चालवली. माया ठेवली ती नखाएवढी. जे उरलं त्याची फुलं केली आणि ती टोपड्याला लावली. एक चिंधी वाया घालवली नाही, याचा तिला वेगळाच अभिमान होता.

तयार झालेला अंगरखा राहीबाईंनी उलटून पालटून पाहिला. मग त्यांनी तो दोन बोटांत धरून उजेडाला नेला.

"लय देखणं झालंय गं," त्या म्हणाल्या. "कुणाच्या बाहुलीचं?"

संयोगिताने मशीन जोरात चालवलं. मशिनीत तेव्हा कापडसुद्धा नव्हतं.

जावळाला खास आमंत्रण होतं. वीरधवल नेमका रजेवर आलेला. त्याला गाडी चालवायला आणि फोटो काढायला जुंपलं. राजनंदिनीला आजीपाशी ठेवून दोघं सकाळीच निघाली. वाटेत संयोगिताने नवऱ्याला नीट बजावलं, "हे बघा, मी बाळाला पोशाख घालण्यात गुंतलेली असणार. ज्या फोटोत कपडा अंगावर अगदी फिट्ट बसलेला दिसेल, तो लगेच पेजवर टाकायचा. खाली आपलं नाव, फोन नंबर. मला विचारत बसू नका!"

"यस मॅडम," वीरधवल म्हणाला. फौजी माणूस! एकदा आदेश मिळाला की संपलं.

रानात लिंबाखाली म्हसोबा होता. शेंदूर फासलेला हातभर उंचीचा गोल, गुळगुळीत धोंडा. बाजूला उसाच्या कडेला चुली पेटल्या होत्या, रश्श्याचा वास सुटला होता आणि पावणेरावळे घोंगड्यांवर बसले होते. शिराळकर मंडळी आली. सूरजने हिरवं जरीकाठी जाकीट घातलं होतं आणि ते भरून दिसावं म्हणून छातीत हवा कोंडून तो सगळ्यांना मानेनेच रामराम करत होता. तायाक्का पुढच्या घोंगडीवर येऊन बसली.

"कधी एकदा बगीन असं झालंय," ती संयोगिताला म्हणाली. "रात्री डोळा लागला न्हाई."

एवढ्यात बाळ आलं. म्हणजे अंकिताने आणि हौसाबाईंनी मिळून आणलं.

संयोगिताने त्या दोघींच्या मागे वाकून पाहिलं. "आणि आपले सरकार कुठायत?"

"ह्ये काय!" अंकिता धापा टाकत म्हणाली.

त्या मुलाच्या मनगटाला घड्या होत्या, दंडाला घड्या होत्या, मांड्यांना तर घड्यांवर घड्या होत्या. मान शोधावी लागत होती. गालांच्या वरून दोन डोळे मोठ्या प्रयत्नाने बाहेर बघत होते. हातात बोकडाची नळी शोभावी असा गडी, पण त्याने धरला होता खुळखुळा!

"बगा की वं, कसं वाळलंय!" हौसाबाई पदराने डोळे पुसत म्हणाल्या.

वीरधवल बायकोच्या कानाशी वाकला. "ह्याला भरतीत डायरेक्ट घेतील."

संयोगिता मटकन खाली बसली. मांडीवरच्या पिशवीत तो अंगरखा होता. तिने पिशवीत हात घालून शिवण चाचपली. जिथं जिथं तिने माया कापून टाकली होती, तिथं तिथं तिची बोटं थांबली. थोडं तरी वाढव रे म्हसोबा, ती मनात म्हणाली. म्हसोबाकडे आजवर पुष्कळ नवस बोलले गेले असतील, पण शिलाईतून कापड वाढवायचा बहुधा पहिलाच.

केस उतरायला नाथाजी आला. सरकार मामाच्या मांडीवर बसले आणि मामाची मांडी दिसेनाशी झाली. पण नाथाजीचा हात सराईत होता. बघता बघता डोकं गुळगुळीत झालं, हळदीच्या पाण्याने आंघोळ झाली आणि हौसाबाईंनी हाक दिली, "आणा गं मामाचा पोशाख!"

सगळी जत्रा बघत राहिली. संयोगिताने सांगितलं होतं तस्संच!

तिने अंगरखा बाहेर काढला. 

"टोपडं लय भारी हाय हां," एक म्हातारी म्हणाली.

"तो अंगरखा आहे," संयोगिता पुटपुटली.

"आन् मग टोपडं कुठलं?"

टोपडं तिने बाळाच्या डोक्यावर ठेवलं. पेढ्यावर पिस्ता बसावा तसं ते मधोमध बसलं. मग देवाचं नाव घेऊन तिने सरकारांचा उजवा हात बाहीत घातला. हात कोपरापर्यंत गेला आणि तिथं थांबला. पुढं जाईना. मागं ओढला, तर मागंही येईना! सरकारांनी जो टाहो फोडला, तो ऐकून उसातले पक्षी उडाले. आणि अडकलेला हात वर करून ते असे बसले, की एक पाहुणा सवयीने म्हणाला, "रामराम सरकार!"

"त्याल लावा हाताला!"

"आगं, पीठ लाव पीठ, सुळकन निगतंय!"

"त्येला म्हणावं, श्वास सोड!"

"ओढू नगा, शालू फाटंल!" हे तायाक्का म्हणाली आणि संयोगिताने बाही सोडून दिली.

"पण मापं तुम्हीच दिली होती ना!" ती रडकुंडीला येऊन म्हणाली. "मी एक दोराही इकडचा तिकडं केला नाही!"

"म्या बरोबर घेतलेली की," अंकिता म्हणाली. मग नवऱ्याकडच्या माणसांकडे बघून तिने आवाज उतरवला. "म्हंजे, आईची नजर लय लागती म्हंत्यात, म्हणून सांगताना इवलं कमी सांगितलं."

"आन् म्या तुला म्हणलं, त्यातनं दोन बोटं काढ," हौसाबाई म्हणाल्या. "लेकराचं खरं माप कुनी भाईर सांगतं व्हय?"

सगळ्यांनी सूरजकडे पाहिलं. सूरजने छातीतली हवा न सोडता मान खाली घातली.

"मामाची नजर तर लयच वंगाळ," तो म्हणाला. "म्हणून म्या बी उलीसं काढलं."

तर अशी गंमत! आईने मायेने काढलं, आजीने मायेने काढलं, मामानेही मायेने काढलं आणि सगळ्यांनी मिळून काढून उरलेलं बाळ संयोगिताने इंचाइंचाने शिवलं. घरात बसून एक सासू हेच सांगत होती, तर तिच्या तोंडावर मशीन चालवलं!

"तरीबी लागलीच की नजर!" हौसाबाई कडाडल्या आणि मूठभर मीठ-मोहऱ्या-मिरच्या सरकारांवरून उतरवून त्यांनी रश्श्याच्या चुलीत टाकल्या. वाऱ्याने त्याच वेळी तोंड फिरवलं. मिरच्यांच्या धुराचा तो खाट सगळ्या जावळावर आला आणि मग कोण कुणाचं माप विचारतो! पाहुणे खोकले, आचारी खोकला, कडेला बांधलेला दुसरा बोकडसुद्धा शिंकला. वीरधवल डोळ्यांतून पाणी गाळत फोटो काढतच होता, कारण थांबायचा आदेश कुणी दिला नव्हता.

त्या धुरात नाथाजीने वस्तरा घेतला. "तायाक्का, भिऊ नगा. शालूला लावत न्हाई, निस्ता दोरा तोडतो." त्याने बाहीची शिवण टोकाने उसवली, टाका टाका करत. हात मोकळा झाला. कापड शाबूत राहिलं. सरकार तत्काळ हसले आणि तसेच, करदोटा आणि टोपडं एवढ्यावर, मातीत बसून खेळू लागले. पोशाखाविना त्यांचं काही अडलेलं नव्हतं.

अडलं होतं ते पुढच्या घोंगडीवर. तायाक्का मांडीवर तो उसवलेला अंगरखा घेऊन सुटलेले दोरे एकेक करून वेचत होती.

संयोगिता तिच्यापुढे जाऊन बसली. आतापर्यंत तिला लाज वाटत होती, आता रडू आलं. "आक्का, चूक माझीच. मापापेक्षा मला माझी हुशारी मोठी वाटली. तुमचा शालू मी वाया घालवला. तसा दुसरा मी कुठून आणू हो!"

म्हातारी दोरे वेचतच राहिली. शेजारी सूरज खोकत होता. खोकून खोकून त्याच्या छातीतली सगळी हवा निघून गेली होती आणि इतका वेळ भरून दिसणारं जाकीट आता त्याच्या अंगावर खुंटीला अडकवल्यासारखं लोंबत होतं. आत अजून एक माणूस आरामात बसला असता.

संयोगिताने डोळे पुसले. जाकिटाकडे पाहिलं. मातीतल्या बाळाकडे पाहिलं. पुन्हा जाकिटाकडे पाहिलं. जाकिटाला बाह्या नव्हत्या!

"दादा, जाकीट काढा!"

"आँ? आवं न्हाई वं ताई, आत बनेल फाटकं हाय!"

"काढा म्हणते ना!"

"आवं, लोकं हायती की!"

"सूरज," तायाक्का म्हणाली, "काढ."

सूरजने जाकीट काढलं. बनेलची हकिगत त्याने सांगितली होती त्याहून वाईट होती. संयोगिताने सरकारांचे दोन्ही हात जाकिटात घातले. सुळकन गेले! खाली ते पार घोट्यापर्यंत आलं, हिरवं, जरीच्या काठाचं, एखाद्या दरबारी झग्यासारखं. आणि बटणं लावली तर पोटावर बरोबर बसली, टिचभर ढिलं नाही की टिचभर घट्ट नाही. सरकारांनी स्वतःकडे खाली पाहिलं, म्हणजे पोटापर्यंत पाहिलं, आणि टाळ्या वाजवल्या.

"आगं बया!" हौसाबाई म्हणाल्या. "कसा राजावाणी दिसतुया!" आणि लगेच जीभ चावून, "म्हंजे, वाळलाय तसा."

तायाक्काने नातवाला मांडीवर ओढलं. जरीवरून हात फिरवला. एकदा, दोनदा. मग तिचे खांदे हलायला लागले. संयोगिताला वाटलं म्हातारी रडतेय. पण ती हसत होती!

"ह्यांनी लग्नात शालू आणला," ती पदर तोंडाला लावून म्हणाली, "आन् त्यावरची चोळी बी शिवून आणली. माप कुनाचं, तर म्हनं अंदाजानं! मांडवात माजा दंड आत शिरंना. भटजी सावधान म्हणतुया आन् दोघी करवल्या माजी चोळी उसवायल्यात! ह्यांनी मला जलमभर सांगितलं, तूच फुगली हुतीस त्या दिवशी." ती हसता हसता थांबली. मग डोळे पुसले. "ह्या शालवाचं वळणच तसलं हाय. आज ह्ये हितंच कुठं तरी हुभं ऱ्हाऊन हसत असत्याल बग."

 संयोगिताने म्हातारीच्या खांद्याला नुसतं धरलं आणि दोघी मिळून थोडं हसल्या, थोडं रडल्या.

"आन् ह्येचं काय करायचं?" अंकिताने तो इवला अंगरखा उचलला.

"देवापुढं आणल्यालं कापड माघारी न्यायचं नसतंय," हौसाबाईंनी निकाल दिला.

तायाक्का उठली. अंगरखा आणि सरकारांच्या डोक्यावरचं टोपडं घेऊन लिंबाखाली गेली आणि वाकून तो म्हसोबाला घातला. बंद बांधले. टोपडं डोक्यावर ठेवलं. सगळे जवळ सरकले आणि बघतच राहिले. काय बसला होता! कुठं सुरकुती नाही, झोळ नाही, ओढ नाही. पाठीला चापून, पोटाला चोपून. जणू म्हसोबालाच उभा करून टेप लावला होता. काही झालं तरी संयोगिताच्या आतली कारागीर सुखावली. रडक्या चेहऱ्याने का होईना, तिने गळ्याची पट्टी जरा सारखी केली.

मग पंगती बसल्या. रस्सा इतका झणझणीत झाला होता, की पोशाखाचा विषय पहिल्या वाढपातच मागं पडला. सूरज जेवताना अंगावर घोंगडी घेऊन बसला होता.

जेवणं उरकून दोघं परत निघाली. सातारा मागं पडल्यावर संयोगिता म्हणाली, "घरी गेल्यावर आत्यांना आपणच सगळं सांगायचं. बाहेरून कळायच्या आत."

"बरं."

"आणि पेजवर काही टाकू नका. झाली तेवढी शोभा बास."

वीरधवलने गाडीचा वेग कमी केला. "टाकलाय की."

"काय टाकलंय?"

"फोटो. आदेशच होता तुझा. कपडा फिट्ट बसलेला दिसला की लगेच टाकायचा. सगळे फोटो बघितले. सरकारांचा झगा तर घोट्यापर्यंत लोंबतोय. फिट्ट बसलेला एकच सापडला."

संयोगिताने मोबाइल उघडला. पेजवर म्हसोबा होता. हिरवा अंगरखा, जरीचा काठ, फुलाफुलांचं टोपडं. मागं लिंब, पुढं नारळ. खाली ठळक अक्षरांत "अंगडं-टोपडं, मलकापूर. लहान मुलांचे हाताने शिवलेले कपडे" आणि तिचा फोन नंबर. फोटोखाली हात जोडलेल्यांची रांग लागली होती. तिच्या कुठल्याच फ्रॉकला आजवर इतके हात जोडले गेले नव्हते!

"पुसा हे! आधी पुसा!" ती ओरडली आणि त्याच क्षणी तिच्या हातातला फोन वाजला. अनोळखी नंबर. तिने घसा साफ केला. आवाज गोड केला.

"हॅलो, अंगडं-टोपडं."

"ताई, नमस्कार! फोटो बगितला तुमचा. लय नामी काम! आमच्यात बी येक पोशाख करायचा हुता. सणाच्या आत पायजे."

संयोगिताच्या जिवात जीव आला. म्हणजे इतकं सगळं होऊनही गिऱ्हाईक आलं! तिने वीरधवलकडे विजयी मुद्रेने पाहिलं. आणि या खेपेला कुणाच्याही सांगण्यावर विसंबायचं नाही, स्वतः जाऊन माप घ्यायचं, दोन बोटं नाही तर चांगली चार बोटं माया सोडायची, असं ठरवून तिने फोन कानाशी घट्ट धरला.

"हो हो, नक्की करू! मी स्वतः येते मापाला. आधी एक सांगा, बाळाचं वय काय?"

पलीकडचा माणूस जरा घुटमळला.

"वय कसं सांगायचं, ताई?" तो म्हणाला. "स्वयंभू हाय!"